गुलाबी गालांचा शिपाई

जाहिरातीच्या धंद्यात माझी हयात गेली. वाशीतल्या एका छोट्या एजन्सीत मी मजकूर लिहायचो. साबण, फ्लॅट, कोचिंग क्लास, येईल ते. निवृत्त झाल्यावर युद्धकाळातल्या पोस्टरांचं वेड लागलं, यात नवल नव्हतं. आम्ही लोकांच्या गळ्यात साबण मारत होतो, ही पोस्टरं करणाऱ्यांनी मरण गळ्यात मारलं होतं. कारागिरी म्हणून मला त्याचा हेवाच वाटायचा.

मध्यंतरी सीमेवर तणाव वाढला तेव्हा आमच्या सेक्टरच्या विरंगुळा केंद्रात सगळ्यांच्या मोबाइलवर वाघ आणि रणगाडे फिरू लागले. अध्यक्षांनी मला गाठलं. सर, तुमचा अभ्यास आहे, या पोस्टरांच्या इतिहासावर एक भाषण होऊन जाऊ दे, म्हणाले. मी आढेवेढे घेतले नाहीत.

स्लाइड्स भरपूर होत्या. बघणाऱ्यावर बोट रोखलेला मिशाळ साहेब, लढाईत तुम्ही काय केलंत असं बापाला विचारणारी मुलगी, शत्रूचं माकड करून टाकणारी चित्रं, तोंड बंद ठेवा आणि बटाटे लावा म्हणणारे कागद. पण सगळा माल परदेशी. आपल्याकडचं, मराठीतलं एखादं अस्सल पोस्टर हवं होतं आणि ते निघालं आमच्याच इमारतीत.

तळमजल्यावरच्या ताई बेलापूरच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. कोकणातलं बौद्ध कुटुंब. माझ्या भाषणाचा विषय ऐकून त्या म्हणाल्या, वडिलांच्या पेन्शनच्या कागदांत असं एक चित्र आहे, दुसऱ्या महायुद्धातलं, भरतीचं. मी त्यांच्या मागोमाग घरातच शिरलो. प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला कागद होता. त्यावर खाकीतला शिपाई, गाल गुलाबी, पितळी बटणं, पायांत चकचकीत बूट. खाली पगार, जेवण, कपडे यांची यादी. कागद माझ्या हातात देऊन ताई जराशा थांबल्या, काही विचारेन म्हणून. मी कागद कोणत्या छापखान्यातला आहे ते शोधत होतो. आभार मानले आणि जिना चढलो.

भाषण रंगलं. चाळीसेक माणसं, बाहेर चहाची तयारी, आणि मी फॉर्मात. शेवटची स्लाइड ताईंच्या कागदाची. मी म्हटलं, हे गाल बघा, असा मराठी शिपाई कोणी पाहिलाय का? सभागृह हसलं. हसलेल्या सभेसमोर माझा तोल नेहमीच जातो. मी पुढे म्हटलं, चित्रकाराने चेहऱ्यापेक्षा बुटांवर जास्त मेहनत घेतली आहे, कारण त्याला आपलं गिऱ्हाईक पक्कं ठाऊक होतं. बुटांच्या एका जोडीसाठी परक्यांच्या लढाईत मरायला निघतील इतके भोळे लोक होते ते. पुन्हा हशा, या वेळी मोठा. ताई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या. चहाला थांबल्या नाहीत.

मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही, हे लिहायला आज जड जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद परत द्यायला गेलो. ताई दिवाळे गावच्या कोळणीकडून घेतलेली कोलंबी साफ करत बसल्या होत्या. बसा म्हणाल्या. कागद टेबलावर ठेवायला सांगितला आणि कोलंबी सोलता सोलता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तसं, सांगू लागल्या.

त्यांच्या गावात बाजाराला जायची वाट वरच्या आळीतून जायची. त्या आळीतून जाताना त्यांच्या माणसांनी वहाणा काढून हातात घ्यायच्या, असा रिवाज. हे चित्र बाजारात एका भिंतीवर चिकटवलेलं होतं. वडिलांनी, म्हणजे त्यांच्या आप्पांनी, ते काढून घरी आणलं आणि आठवड्याभरात भरती झाले. पहिल्या रजेवर आले तेव्हा बूट घालून त्या आळीतून चालत गेले. कोणी चकार शब्द काढला नाही, कारण अंगावर सरकारचे कपडे होते.

"पलीकडे त्यांचं काय काम होतं?" मी विचारलं.

"काय पण नाही. नुसते गेले नि आले."

आळीतली घरं कोणाची होती ते ताईंनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. माझे आजोबा कोकणातल्या अशाच एका आळीत राहायचे, आणि लहानपणी सुट्टीत आमच्या ओटीवरून मी रस्ता बघत बसायचो. पायांत काही नसलेली माणसं बघितल्याचं मला आठवतं. ती अनवाणी का आहेत हे मी कधी विचारलं नाही.

"आप्पांना कळत नव्हतं का, गाल खोटे आहेत ते?" ताई म्हणाल्या. "लढाईत माणूस मरतो हे पण कळत होतं. तुमी त्यांना भोळे म्हणालात."

मी माफी मागितली, आणि मग माझ्यातला जाहिरातवाला जागा झाला. पुढच्या महिन्याच्या सभेत मी ही सगळी हकीकत सांगतो, म्हटलं. ताईंनी हात धुतले, पदराला पुसले.

"सांगा. पण आधी सांगा की तुमी हसलात. तुमी हसवलंत म्हणून ते लोक हसले. तेवढं एक सांगितलंत तरी मला पुरे, बाकीचं नाही सांगितलंत तरी चालेल."

मी शब्द दिला. महिनाभर तयारी केली. कागदावर सगळ्यात वर लिहिलं, 'मागच्या वेळी मी या माणसाची थट्टा केली.' आरशासमोर ते वाक्य मोठ्याने म्हणूनही बघितलं. जमत होतं.

सभेच्या दिवशी अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना मागच्या भाषणाची इतकी तारीफ केली, की ते वाक्य मी अंगठ्याखाली झाकलं. आता एवढ्या कौतुकावर पाणी कशाला ओता, शेवटी सांगू, असं मी मनाशी ठरवलं. 'मागच्या वेळी या चित्राची एक बाजू राहून गेली होती,' अशी सुरुवात केली. मग ती आळी सांगितली, ते बूट सांगितले, तिकडे काही काम नसताना गेलेला आणि परत आलेला तो तरुण सांगितला. कुठे थांबायचं ते मला कळतं. मी थांबलो तिथे बायकांनी डोळे पुसले, अध्यक्ष उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. टाळ्या चालू असताना मी हातातला कागद घडी करून खिशात घातला.

लोक ताईंभोवती जमले. त्यांचे हात हातात घेत होते. तुमच्या वडिलांचं सरांनी किती सुंदर सांगितलं, असं जो तो त्यांना म्हणत होता. गर्दी ओसरल्यावर त्या माझ्यापाशी आल्या.

"बूट सांगितलेत," त्या हळूच म्हणाल्या. "हसणं नाही सांगितलंत."

वेळ कमी पडला, मी म्हणालो. भाषण ठरल्यापेक्षा दहा मिनिटं आधीच संपलं होतं, आणि घड्याळ आम्हा दोघांच्या समोरच्या भिंतीवर होतं.