बारा पिपं आणि रॉकेलचा डबा

१९९७ साल. माझं वय अठ्ठावन्न, रिटायर व्हायला चार महिने. शाळा म्हणाल तर निजामाच्या राज्यात अलिफ-बे धरलं, तेवढ्यात पोलीस ॲक्शन झाली, मग ग म भ न सुरू झालं. दोन्ही अर्धवट राहिलं. मला पुरतं येत होतं ते एकच, वास घेणं.

चिकलठाण्याच्या एका दारूच्या कारखान्यात मी पिपांच्या गोदामावर होतो. लागलो तेव्हा आईनं अट घातली, "जा, पण थेंब जिभेला लावायचा नाय." मी कधी लावला नाही. रम तळहातावर घ्यायची, दोन्ही हात चोळायचे, नाकाशी धरायचे. आधी स्पिरिट उडून जातं. मग राहतो तो तिचा खरा वास. पिणारे चुकायचे, मी नाही. हा माझा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

त्या वेळी आमच्याकडं तांब्याचा हंडा होता. साहेब लोक त्याला पॉट स्टिल म्हणत. आंबवलेली मळी त्यात उकळून जी रम उतरायची ती नवी असताना दांडगट. काळ्या पडलेल्या केळ्याचा, ओल्या चामड्याचा वास मारायची. ओकच्या पिपात दहा वर्षं निजली की वळणावर यायची. मग गुऱ्हाळात काइलीच्या कडेला करपून चिकटलेली काकवी, मनुका, जर्दा, जुनं लाकूड. आणि हात कोरडे होता होता, सगळ्यात शेवटी, नुकत्याच केलेल्या डांबरी रस्त्यासारखी एक झाक. ती फक्त हंड्याच्या, लई जुन्या रमला. नव्या यंत्राच्या उंच नळकांड्यातून निघणारा माल नुसता स्वच्छ असतो. कंपनीला स्वच्छच पाहिजे होता. हंडा मोडला, तांबं भंगारात गेलं. मागं उरली बारा पिपं, अठरा वर्षांपूर्वी मी माझ्या हातानं भरलेली. निम्म्याच्या वर आटली होती. पाहुणे विचारायचे, एवढी पितं कोण? मी म्हणायचो, चिकलठाण्याचा उन्हाळा पितो, त्याला दारूबंदी नाय.

त्या वर्षी मालकांनी ठरवलं, बाराही पिपं एका टाकीत घ्यायची आणि हंड्याची शेवटची रम म्हणून बाटल्या काढायच्या. मी जायच्या आत माझा माल बाहेर पडणार होता. यापेक्षा मला काही नको होतं.

आता खरं सांगतो. त्याआधीच्या थंडीत मला मोठी सर्दी झाली. सर्दी गेली, नाक परत आलं नाही. घरात दूध करपलं तेव्हा मी स्टोव्हच्या शेजारी बसलेलो. बायको म्हणाली, "वास नाय आला?" मी म्हणालो, "लक्ष नव्हतं." गोदामात हात चोळायचो, नाकाशी धरायचो, डोळे मिटायचो. पिपं मला पाठ होती. पाठ केलेलं म्हणून दाखवायचो.

उन्हाळ्यात त्या बारांतलं, खालच्या रांगेतलं एक पीप सांध्यातून पाझरायला लागलं. शहागंजच्या बाजारातून मधाच्या पोळ्याचं मेण आणलं, घरून दाराआडचा रिकामा डबा नेला, त्यात मेण वितळवलं, चिंधी बुडवून सांध्यात ठोकून बसवली. पाझर थांबला. असलं काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

दोन महिन्यांनी पिपं उघडली. लॅबच्या मॅडम नमुने घेत होत्या, पोरसवदा पण डोक्यानं तेज. मी मेण बसवलेल्या पिपाशी त्या थांबल्या.

"मामा, ह्याला रॉकेलचा वास येतोय."

मी हात चोळले. नाकाशी धरले. डोळे मिटले.

"रॉकेल नाय, मॅडम. जुन्या रमची डांबराची झाक ती. तुमचा जन्म नव्हता तेव्हा भरलंय हे."

"झाला होता. दुसरीत होते," त्या म्हणाल्या. "झाक बाकीच्या पिपांनाही आहे. हे वेगळं आहे. हे एक बाजूला ठेवू."

"तुमच्या पुस्तकात हंडा होता का कधी?"

"हंडा नव्हता मामा, पण घरी स्टोव्ह आहे."

हमाल हसले. तिथंच मी हट्टाला पेटलो.

"बरं, जिभेवर एक थेंब घेऊन बघा," त्या हळूच म्हणाल्या.

"माझा नेम सगळ्या कारखान्याला माहीत आहे."

आईला दिलेला शब्द मी त्या दिवशी ढालीसारखा पुढं धरला. मॅनेजर घड्याळ बघत म्हणाला, "मामा व्हय म्हणतात ना? ओता मग."

बाराही टाकीत गेली.

संध्याकाळी मालक आले. एक घोट घेतला आणि रुमालात थुंकला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी भांडलो असतो. म्हणाले, "मामा, ह्यात रॉकेल आहे." मग मॅनेजरला म्हणाले, "एक्साइजवाल्यांना बोलवा. त्यांच्यासमोर सगळी ओतून द्या." मॅडमनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तेवढी त्यांची मेहरबानी.

पुंडलिकनगरला घरी आलो. बायको दारामागं शोधत होती.

"उद्या रॅशनला रॉकेल येणार. आपला डबा कुठंय?"

"कोणता?"

"दाराआडचा. त्यातच तर आणतो."

"कारखान्यात नेला. मेण वितळवायला."

"विसळला तरी होता का? तळाला रॉकेल होतं त्याच्या. वास नाय आला तुम्हाला?"

या वेळी लक्ष नव्हतं असं म्हणालो नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, मग ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, हमाल यायच्या आत, मी गोदाम उघडलं. त्या रिकाम्या पिपाच्या सांध्यातून पटाशीनं चिंधी उकरून काढली आणि लॅबच्या दारात जाऊन उभा राहिलो. मॅडम आल्या.

"हे मी बसवलं," म्हणालो. "मला वास येत नाय. थंडीपासून येत नाय."

त्यांनी दोन हात अंतरावरूनच वासानं तोंड फिरवलं. मी ती चिंधी नाकाला लावून उभा होतो.