जर्मनच्या गंजावरचं नाव

तीस वर्षं मी अमरावतीच्या एका आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवलं. म्हणजे फळ्यावर शिकवलं. वर्कशॉपमध्ये गॅस संपलेला असायचा, गॅस आला की नोझल चोरीला गेलेलं असायचं, आणि दोन्ही जागेवर असलं की माझी इलेक्शन ड्यूटी लागायची. पण फळ्यावर मी असे जोड मारले राजेहो, की तपासणीला आलेले साहेब खुर्चीतून उठून हात लावून पाहायचे नाहीत. निवृत्त होऊन गावी गेलो तर तिथं माझी कीर्ती आधीच पोचलेली, की साहेब काहीबी जोडते. ती मीच पोचवली होती.

तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात विहाराचा एक मोठा जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, आहे. पुस्तकात ज्याला ॲल्युमिनियम म्हणतात, ते गावात जर्मन. बुद्धपौर्णिमेची अख्ख्या वस्तीची खीर त्यातच शिजते. तो माझ्या मावशीनं दान दिलेला, कापूस वेचून साठवलेल्या मजुरीतून. गंजावर ठसठशीत अक्षरांत मावसाचं नाव कोरलंय आणि त्याखाली बारीक अक्षरांत मावशीचं. मावसानं त्या दानात काय घातलं? नाव घातलं. बाकी काही नाही.

मावशीचं नाव दुसरीकडं कुठं असणार? सातबाऱ्यावर आधी मावसा होता, आता पोरं आहेत. घर थोरल्याच्या नावावर. लग्नपत्रिकेत ‘श्री. व सौ.’ छापायचे, त्यातल्या सौ.मध्ये ती अंग चोरून बसायची. मावसा गेला आणि तेही गेलं. आधार कार्डावर आहे म्हणा, पण ते धाकटा आपल्या पाकिटात ठेवतो. साक्षरतेच्या वर्गात ती जेमतेम स्वतःचं नाव वाचायला शिकली आणि ते वाचायची ती गंजावर. दरवर्षी गंज ती एकटीच घासते. दुसऱ्या कोणी हात लावला की खवळते.

यंदा पौर्णिमेच्या चार दिवस आधी गंज तडकला. काठापासून चीर निघाली ती दोन्ही नावांना चाटून खाली गेली.

“अकोल्याले नेतो,” विहार समितीचे अध्यक्ष म्हणाले. “जुन्या शहरात एक बुढा हाये, जर्मनच जोडते.”

“काहून? मी मेलो का?” मी म्हणालो.

मावशी मात्र माझ्याकडं टक लावून बघत होती. “भाऊ, नाव जाईन तं नाही ना?”

“मावशी, तीस वर्षं काय गवत उपटून राहिलो होतो का मी?”

“नाव वाचलंच पाहिजे, साहेब,” अध्यक्षांनी बजावलं. जमलेल्या सगळ्या पुरुषांनी माना हलवल्या. नाल्यावरच्या पुलाच्या भांडणात ज्यांची डोकी फुटता फुटता राहिली होती, त्यांचं इथं एकमत! आणि लाज वाटते सांगायला, पण माझ्यासकट प्रत्येकाच्या डोक्यात नाव होतं ते एकच.

दुसऱ्या दिवशी भाड्यानं गॅसचे सिलिंडर आणले, निळा चष्मा चढवला. चीर तारेच्या ब्रशनं चकचकीत केली, जोड नीट धरावा म्हणून फ्लक्सची पूड लावली. मावसाच्या नावावर ओलं पोतं थापलं, आच लागू नये म्हणून. मग साबणाची वडी घेतली. लोखंड बिचारं तापलं की लाल होऊन इशारा देतं. जर्मन देत नाही. चकाकत राहतं आणि एकाएकी खाली बसतं. म्हणून शेजारी साबण चोळायचा, तो काळा पडला की ज्योत मागं घ्यायची. चोळायला हाताशी सपाट जागा पाहिजे होती. मी मावशीच्या नावावर चोळला.

भोवती गर्दी. एक जण मोबाईलवर शूटिंग करून राहिला होता. मग काय, मला फळा सापडला! साबण काळा पडला, मी डोळ्यांनी पाहिला. पण नेमका तेव्हाच मी मोबाईलकडं तोंड करून समजावत होतो, की साबण काळा पडला की ज्योत मागं घ्यायची. वळून पाहतो तर वाटीएवढं भगदाड.

पण लोकांना काय कळतं! सळई वितळवत वितळवत भगदाड बुजवलं, कानशीनं घासलं, गरम पाण्यानं फ्लक्स धुतला. पोतं काढलं तर मावसाचं नाव जसंच्या तसं. गंजात पाणी भरलं, थेंब गळेना. टाळ्या पडल्या. पौर्णिमेला विहारात माझ्या अंगावर शाल घातली, आणि अध्यक्ष माईकवर ओरडले, “साहेबांनी नाव वाचवलं!” मी पण निर्लज्जासारखा हात जोडून हसलो.

मावशी गंजापाशी बसली होती. तिचं बोट मावसाच्या नावाखाली गेलं आणि गुळगुळीत जागेवर थांबलं. तिनं पुन्हा वरून सुरुवात केली. पुन्हा तिथंच थांबली.

“माह्यं कुठी गेलं रे भाऊ?”

मला वाटलं, शाल तिथंच टाकावी आणि निघून जावं. “मावशी, चुकलो मी,” म्हणालो. “उद्याच अकोल्याहून कोरून आणतो. होतं तसंच, खाली.”

“खाली नको. खाली होतं म्हणून तं तुले दिसलं नाही.” ती उठली, पदर खोचला. “त्याच्या वर कोर.”

अध्यक्षांच्या हातात माईक होताच. ते गडबडले. “आजी, बाईचं नाव वर म्हणजे… ते असं एकदम नाही करता येत. समितीत ठराव घ्या लागते.”

“माह्यं नाव जाळलं तवा घेतला होता काय ठराव?”