एकाच पंधरवड्यात लाखो बाळंतपणं

शकुंतला सिस्टरांची सगळी नोकरी धाड गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर बाळंतपणं करण्यात गेली. निवृत्त होऊन त्या बुलडाण्याला राहायला आल्या, तरी बाजारात एखादी बाई आपल्या उंचपुऱ्या पोराला पुढे ढकलायची. "पाया पड बे, यायच्याच हातात झाला तू." सिस्टरांना बाईचा चेहरा आठवायचा नाही. पण याच्या गळ्याला नाळ होती, हा उशिरा रडला, एवढं मात्र बरोबर आठवायचं.

त्यांचे यजमान अनंतराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर त्यांना टीव्हीवरच्या आफ्रिकेने वेड लावलं. वाइल्डबीस्ट नावाच्या जनावरांचे अफाट कळप दरवर्षी गवतामागे देश ओलांडतात, वाटेत मगरींनी भरलेल्या नदीत उड्या घेतात. ते दृश्य त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं, तेही थाटात. पुण्याच्या लेकीने, गार्गीने, सफारी कंपनीतल्या प्रतीक्षाशी व्हिडिओ कॉल जुळवून दिला.

सिस्टर बाजूलाच मेथी निवडत बसल्या होत्या. "जनावरं पाण्यात पडतात, मगरी त्यायले खातात, आन तुमी खुर्चीवर बसून पाहान. मले नाही पाहायचं. तुमी जा."

प्रतीक्षा पडद्यावर तंबू दाखवत होती. तंबूत पलंग, गालिचा, पांढराशुभ्र बाथटब. अनंतरावांना वेगळीच काळजी होती. "कळप नदीवर कोणत्या तारखेले येते?"

"नक्की नाही सांगता येत, सर. पाऊस पडेल तिकडे ते वळतात."

"म्हंजे टाइमटेबलच नाही?" अनंतरावांना हे पचेना.

"ऑगस्टमध्ये बहुतेक नदीवर असतात. फेब्रुवारीत दक्षिणेच्या माळावर, तेव्हा माद्या वितात. दोनेक आठवड्यांत लाखो पिल्लं होतात."

मेथीवरचे हात थांबले. "काय म्हणून राह्यली ती? सगळ्या एकदमच?"

सिस्टर ओले हात पदराला पुसत पडद्यासमोर आल्या आणि कॉल त्यांचाच झाला. दिवसा विते का रात्री? पिल्लू किती वेळात उभं राह्यते? पायाळू आलं तर? पडलेली वार खाते का गाईसारखी? प्रतीक्षा गडबडली. "मॅडम, हे मला आजवर कुणीच विचारलं नाही. तिथल्या गाइडला विचारून सांगते."

"आन हेही विचार, काऊन एकदम?"

उत्तरं दुसऱ्या दिवशी प्रतीक्षाच्या आवाजात मोबाइलवर आली. बहुतेक सकाळी वितात. पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं आणि लगेच पळायला लागतं. तरस, सिंह टपलेलेच असतात. एकेक करून जन्मली असती तर एकही वाचलं नसतं. एकदम इतकी जन्मतात की खाणाऱ्यांचं पोट भरतं आणि उरलेली जगतात.

सिस्टरांनी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. नोकरीत दोन अडलेल्या बाया एकाच वेळी दारात आल्या की त्यांची धावाधाव व्हायची. टेबल एक, हात दोन, इकडे पाहू की तिकडे? आणि त्या माळावर लाखो आया एकदम वितात, म्हणूनच पोरं वाचतात. हे कसं दिसत असेल?

"अहो," त्या म्हणाल्या, "फेब्रुवारीत जाऊ."

"आन माही ती मगरीची नदी?" अनंतराव हिरमुसले. दोन दिवस ते फुगून बसले. मग बायको सफारीला निघतेय हेच त्यांना मोठं नवल वाटलं आणि त्यांनी फेब्रुवारी कबूल केली. पीतज्वराच्या लसीसाठी दोघं नागपूरला गेले. गावागावांतल्या पोरांना टोचत आलेल्या सिस्टरांनी स्वतःच्या दंडात सुई जाताना डोळे गच्च मिटले. अनंतराव हसले.

टांझानियातल्या माळावर पहिल्याच सकाळी गाडीभोवती नजर जाईल तिथे जनावरं होती. सगळीकडून हंबरणं. गाइडने एका मादीजवळ, पण बेताने दूर, इंजिन बंद केलं. ती खाली बसली, उठली, पुन्हा बसली.

"पाय दिसले," सिस्टर पुटपुटल्या. "दोन्ही पुढचे. बरोबर आहे." त्यांची बोटं अनंतरावांच्या मनगटात रुतली. "दम दे बाई, दम दे."

पिल्लू गवतावर घसरलं. मादी त्याला चाटू लागली. लांबच्या उंचवट्यावर एक तरस कान टवकारून उभं होतं. पिल्लू उठलं, तोंडावर पडलं, पुन्हा उठलं. सिस्टर सीटवरून अर्ध्या उठल्या होत्या. तिसऱ्यांदा ते उभं राहिलं आणि लटपटत आईच्या मागे पळत सुटलं. तरसाने चार पावलं टाकली, मग ते दुसरीकडेच वळलं. मायलेकरं कळपात शिरली आणि दिसेनाशी झाली.

अनंतराव सिस्टरांकडे वळले. "शकू, काय पाह्यलं वं आपण!"

सिस्टरांचे डोळे वाहत होते, पण नजर अजून कळपातच होती. सगळी पिल्लं एकाच पिवळट रंगाची.

"यायले विचारा," त्या गाइडकडे बोट करून म्हणाल्या, "एवढ्या गर्दीत चुकलं तर मायले आपलं पोरगं कसं वळखू येते?"

अनंतरावांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. वासावरून आणि आवाजावरून, गाइड म्हणाला.

"असं?" सिस्टर म्हणाल्या. "मंग गाडी सुरू नोको करू म्हणा थोडा वेळ." आणि काचेला कान लावून त्या ऐकत बसल्या.