काकांचा डावा डोळा

मला रस्ता ओलांडायची भीती वाटते. पुण्यातच जन्मलेल्या, पन्नाशी उलटलेल्या माणसानं हे कुणाला सांगावं? बायकोलाही सांगितलेलं नाही. एरवी कुणाच्या तरी घोळक्यात शिरून निभावतो. न सांगता ओळखलं ते फक्त सिग्नलकाकांनी.

आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी पायी शहर पालथं घालायचो. काका सगळ्यांत वयस्कर. चौक आला की तळहात वर करून पहिलं पाऊल तेच टाकायचे, म्हणून हे नाव. "पळायचं नाही, थांबायचं नाही, एका चालीनं चला. आपण कुठं असणार हे गाडीवाल्याला कळलं की तो वळसा घालतो. थांबेल ही अपेक्षा नको, पुणेकर आहे तो!"

मी शनिवार पेठेत, काका रस्त्यापलीकडे बुधवारात. जमायचं त्यांच्या दारात. पण तेच आधी माझ्या बाजूला येऊन उभे राहायचे. "अहो विनायकराव, डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही हो. जरा हात धरता?" मी धरायचो. माझा तळवा घामानं ओला, त्यांचा कोरडा. जोशीबाई कौतुकानं म्हणायच्या, "किती जपतात काकांना!" एकदा चहाच्या टपरीवर काकांच्या उजव्या डोळ्यात धूळ गेली. तो चोळत चोळतच त्यांनी लांबून येणाऱ्या बसची पाटी घडाघडा वाचली. माझ्याकडे पाहून हसले. मी चहात पाहिलं.

हिंजवडीच्या रविवारी हात सुटला. सुटला कसला, मी सोडला. रुंद रस्ता, बाकीचे पलीकडे पोचलेले. अर्ध्यात आलो आणि एक बस भोंगा वाजवत अंगावर आली. माझे पाय उचलेनात. भोंगाही दूरचा वाटू लागला.

"घाबरायचं ते पलीकडे जाऊन," काका हळूच म्हणाले. "तिथं मीही घाबरतो. चला."

मी हात हिसडला आणि मागे पळालो. रस्त्यात कधीही न थांबणारा माणूस थांबला. वळून मला शोधू लागला. बसनं वळसा घातला. तिच्या आडून आलेल्या मोटारसायकलला तो जमला नाही.

मी काकांपाशी पोचतो तोच जोशीबाई धावत आल्या; बस आड आल्यानं त्यांना काही दिसलं नव्हतं. "कसं झालं हो?"

मी तोंड उघडायच्या आत काका पडल्यापडल्या म्हणाले, "डावा डोळा, बाई. दुसरं काय! यांनी हात धरला होता म्हणून वाचलो."

मी मान डोलावली.

मांडीचं हाड जुळलं. पण मुलगा आता त्यांना एकट्याला दाराबाहेर पडू देत नाही, 'बाबांना डावीकडचं दिसत नाही' म्हणतो. जोशीबाईंनीच सांगितलं. काका ते खोडत नाहीत. खोडलं तर मी उघडा पडेन.

मी रोज कडेपर्यंत जातो, गाड्या बघतो, घरी येतो. मधे एकच रस्ता आहे. तो एकट्यानं ओलांडून त्यांच्या मुलाला सांगायचं आहे की बाबांचा डोळा चांगला आहे, पळालो तो मी. एवढं मी काकांचं देणं लागतो.