बेअरिंगवरचा तळहात

मी लाल बटण दाबलं तेव्हा सविताच्या कुर्त्याची बाही कोपरापर्यंत पट्ट्यात गेली होती. रोलर थांबता थांबता आणखी एक वेढा घेणार, तेवढ्यात बाही खांद्यापासून टरकन फाटली आणि ती मागच्या मागे पडली. हात शाबूत होता. मनगटाच्या वर एक लाल वळ उठला होता, तेवढंच. मी घाबरले की मला राग येतो.

"हात कशाला घातलास तिथे?"

"बेअरिंग बघत होते, मॅडम."

"आणि जाळी कोणी काढली?"

"आबांनी असंच शिकवलंय." तिने हे इतक्या सरळपणे सांगितलं, की वाटावं, चूक झाली असेल तर ती माझ्या प्रश्नातच आहे.

मी डाळीच्या कंपनीत ट्रेनिंग बघते. माझं ऑफिस जळगावला. जुनं युनिट धुळ्याला, आणि जळगावला नवीन युनिट सुरू व्हायचं होतं. त्यासाठी लागणारी ऑपरेटर मुलंमुली धुळ्याच्या जुन्या मिलमध्ये तयार होत होती, त्यांनाच बघायला मी आले होते. सविता त्यातलीच, शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. आई-वडील पावसाच्या भरवशावर शेती करतात. घरातली पहिली कायम नोकरी तिचीच असणार होती. आणि या सगळ्यांना शिकवणारे होते आबा.

आबा सोनगीरचे, बोलणं अहिराणी. मिलमध्ये हेडमिस्त्री. मालक लहान असताना आबांच्या मागे मागे फिरायचे म्हणतात. धुळ्याच्या मिलमधला प्रत्येक ऑपरेटर आबांच्या हाताखालून गेलेला. त्यांना कोणी नाव घेऊन हाक मारत नाही, साहेबसुद्धा नाही.

आता जरा मिलबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तूर रोलरमधून जाते. रोलरला खरखरीत दगड लावलेला असतो, तो साल काढतो. रोलरचा दांडा ज्यात बसून फिरतो ती लोखंडी बैठक म्हणजे बेअरिंग. तिच्या शेजारून पट्टा सुसाट धावतो, म्हणून त्यावर जाळी. बेअरिंग तापलंय का हे बघायला सगळेच अधूनमधून हात लावतात, त्यात नवल नाही. पण मिल चालवायची असते कानाने. माल कमी पडला की आवाज पोकळ होतो, दगड घासायला लागला की करकर, ग्रीस संपलं की चिरका. चांगला ऑपरेटर पाठमोरा उभा राहून सांगतो, कुठल्या रोलरचं काय बिनसलंय.

सविताला पाणी दिलं, आणि मिल पुन्हा सुरू झाल्यावर मी एक चक्कर मारली. प्रत्येक ट्रेनी आपापल्या रोलरपाशी उभा, आणि प्रत्येकाचा डावा तळहात बेअरिंगवर. क्षणभर लावून काढलेला नाही. ठेवलेला, वासराच्या पाठीवर ठेवतात तसा. जाळ्या काढून भिंतीला टेकवून ठेवलेल्या, कारण जाळी असली की हात पोचत नाही. हे आमच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हतं. ज्याला ऐकू येतं त्याने असा हात कशाला ठेवायचा?

प्रश्न मनात आला आणि त्याचं उत्तरही लगेच आलं. ते मला अजिबात आवडलं नाही.

दुपारी कॅन्टीनमध्ये आबा माझ्याकडे पाठ करून बसले होते. समोर सुनील, त्यांचा सगळ्यात लाडका चेला. मी मागे उभी राहून म्हणाले, "आबा, चहा गार होतोय तुमचा."

आबा हलले नाहीत. सुनीलने माझ्याकडे पाहिलं, त्याचा चेहरा उतरला, आणि त्याने टेबलावर बोटांनी दोनदा टकटक केलं. आबांनी लगेच मान वर केली. सुनीलच्या डोळ्यांचा रोख बघून मागे वळले आणि हसून म्हणाले, "या मॅडम, बसा."

कॅन्टीनमध्ये चिडीचूप झालं. ताटातला घास ताटात. मला कळलं, की ही गोष्ट माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक आहे.

सुनीलला बाजूला घेतलं. "किती दिवसांपासून?"

"तीन-चार वर्षं झाली असतील, मॅडम. हळूहळू गेलं."

"दरवर्षी कानाची तपासणी होते. आबांचा रिपोर्ट उत्तम असतो."

तो खाली बघायला लागला. आबांचे कान रिपोर्टमध्ये पंचविशीतल्या पोराचे होते. असणारच. तपासणीला आबांच्या नावावर हाच जाऊन बसत होता.

"अरे शहाण्या, ही काय हजेरी आहे का दुसऱ्याची लावायला?"

"मॅडम, त्यांनी मला हाताला धरून शिकवलंय. मी नाही म्हणू कसा?"

मला रागच आला. एका माणसाची इज्जत राखायला अख्खी मिल गप्प बसली होती, आणि त्यापायी सकाळी एका पोरीचा हात जाणार होता.

आबांना केबिनमध्ये बोलावलं. समोर बसवलं, म्हणजे त्यांना माझे ओठ दिसतील. आडवळणं घेतली नाहीत. "आबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

ते स्वतःचा तळहात बघत म्हणाले, "मिल माले हातमा आयकू येस, मॅडम. तुमना कानस्पेक्षा बरी."

"तुम्हाला येत असेल. पण त्या पोरांना कान आहेत आणि ती कान वापरत नाहीत. तुमचं बघून हात ठेवतात. आज सविताचा हात गेला असता."

"ती चुकनी. हात कोठे ठेवाना हाई मी दखाडेल शे."

"तुम्ही स्वतः त्यांना सांगा, की हात ठेवायचा नाही, आणि का ठेवायचा नाही तेही. तुमच्या तोंडून ऐकतील."

"आनि मंग? मी गेटवर बसू? येणारा-जाणारास्ना गाड्या मोजू?" ते उठले. "दोन वरीस राहिनात मना. माले मिस्त्री म्हनीसनच घर जाऊ द्या."

दार लोटून गेले. हा माणूस खोटं बोलत नव्हता, आणि तरीही त्याला मिलमध्ये उभं राहू देणं शक्य नव्हतं. असे प्रसंग मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

संध्याकाळी प्लांट हेड साहेबांशी बोलले. त्यांना जळगावच्या उद्घाटनाची घाई होती.

"मॅडम, बॅच पुढच्या सोमवारी हवी. तुम्ही सर्टिफिकेटवर सह्या करा. आबांचं नंतर बघू."

"सह्या कशावर करू? या पोरांना मिल चालवता येत नाही, आबांची नक्कल करता येते."

"तुम्ही फार ताणताय. आबांना आत्ता हलवलं तर सगळे बाहेर बसतील. मग धुळं पण बंद आणि जळगाव पण."

"मग निदान उद्या सकाळी मिल सुरू व्हायच्या आधी सगळ्या जाळ्या बसवू द्या. वेल्डिंग करून. कोणाला काढता येणार नाहीत अशा."

"प्रॉडक्शन थांबेल."

"तासभरच थांबेल. हात गेला तर पोलीस येऊन थांबवतील."

ते चरफडत हो म्हणाले. सह्यांचं मात्र त्यांनी सोडलं नाही. दोन दिवसांत सह्या नाहीत तर ते मालकांकडे जाणार होते.

सकाळी जाळ्या बसल्या. लोक माझ्याकडे बघेनात. एकाने मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलंच, "आबाले काढशात ते आम्हीबी उनात बाहेर." जाळीला बेअरिंगपाशी ग्रीस भरायला एक फट ठेवली होती, त्यातून तळहात जेमतेम जायचा. आबांनी मुद्दाम माझ्या देखत पहिल्या रोलरच्या फटीतून हात घातला आणि बेअरिंगवर ठेवला. ट्रेनींनी बघितलं आणि आपापल्या फटीतून हात घातले. मी दात-ओठ खात अख्खी मिल थांबवणाऱ्या लाल बटणापाशी उभी राहिले. माझी जागा आता तीच, असं ठरवूनच आले होते.

दुपारच्या आधी तिसऱ्या रोलरचा आवाज सुरू झाला.

आधी बारीक. मग तो वाढत गेला आणि दात शिवशिवायला लागतील इतका चिरका झाला. ग्रीस संपलं होतं, बेअरिंग जाम व्हायच्या बेतात होतं. बटणावर हात ठेवून मी ट्रेनींकडे पाहिलं, कोणी स्वतःहून मशीन थांबवतं का ते. त्यांना ऐकू आलं होतं, सगळ्यांना. एकाने तर खांदे आवळून घेतले. तिसऱ्या रोलरवर सविताच होती, तिने हात चटका बसल्यासारखा बाहेर ओढला. तिच्या रोलरचं बटण तिच्यापासून दोन पावलांवर होतं. पण तिने ते दाबलं नाही. तिने आबांकडे पाहिलं. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

आबा पहिल्या रोलरवर हात ठेवून शांत उभे होते. पहिला रोलर अगदी झकास चालला होता. हाताला हाताखालचंच कळतं. पाठीमागे काय चाललंय ते कळायला कानच लागतो.

"बंद करा!" मी ओरडले आणि बटण दाबलं, त्याच वेळी पट्टा तुटला. फाटक्या टोकाने आतून जाळीवर असा फटका मारला, की जाळी बाहेर वाकली. जाळीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, सविताचं तोंड होतं.

मिल थांबली. हाताखालची थरथर बंद झाली तेव्हा आबांना कळलं. ते वळले. वाकलेली जाळी पाहिली, जमिनीवर पडलेला पट्टा पाहिला, आणि मग एकेकाचा चेहरा पाहिला. चेहरे वाचण्यात ते आता तरबेज झाले होते.

"तुमले आयकू उनं व्हतं?" त्यांनी विचारलं.

ट्रेनी एकमेकांकडे बघायला लागले.

"बठ्ठास्ले आयकू उनं?"

सविताने मान हलवली.

"मंग मशीन बंद का नही कयं?"

ती रडत होती. रडत रडतच म्हणाली, "तुम्ही हात काढेल नव्हता, आबा."

आबांचा हात अजून फटीतच होता. तो त्यांनी हळूच बाहेर काढला आणि खिशात घातला. मग सुनीलकडे वळून म्हणाले, "बठ्ठास्ले जवळ बलाव." सगळे जमले. ते मोठ्याने बोलले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, जरुरीपेक्षा मोठ्याने. "माले आयकू येत नही. म्हनीसन मी हात ठेवस. तुमले येस. आजपासून कोन्ही हात ठेवाना नही. आवाज बदलना की बटन दाबा. मी समोर उभा राहू तरी दाबा. माले इचारानं नही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं, आपण जिंकलो तर बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. सुनीलला लेखी ताकीद दिली, ती त्याने निमूट घेतली. आबांची खरी तपासणी झाली, कानाला मशीन लागलं. मिलच्या गोंगाटात ते कामाचं नाही, म्हणून चालत्या मिलमध्ये त्यांना मनाई झाली. गेटवर मात्र बसवलं नाही, यासाठी मी साहेबांशी दुसऱ्यांदा भांडले. मिल बंद असताना पट्टा ताणणं, दगड बसवणं, बेअरिंग बदलणं हे सगळं अजून आबाच शिकवतात, आणि त्यांच्याइतकं चांगलं कोणी शिकवत नाही. लोक बाहेर बसले नाहीत. आबांनीच बसू दिलं नाही. बॅच जळगावला उशिरा गेली, मालकांची बोलणी मी खाल्ली. सह्या केल्या त्या प्रत्येक ट्रेनीने डोळे मिटून बिघडलेला रोलर ओळखून दाखवल्यावर.

आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच म्हणाले, "कान ते पहिलेच गयथात, मॅडम. तुम्ही मना हातबी काढी लिधा." ते खरंच होतं, आणि पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन.

परवा जळगावच्या कॅन्टीनमध्ये होते. सविता आता तिथे शिफ्ट सांभाळते, नव्या मुलांना शिकवते. शेजारच्या टेबलावर फैजपूरकडचा एक नवा मुलगा समोरच्याला हाक मारत होता. तोंडाने नाही. टेबलावर बोटांनी दोनदा टकटक केलं, समोरच्याने मान वर केली. दोघांचेही कान ठणठणीत. माझ्यासमोर दोघांची तपासणी झाली आहे.

"असं का करतोस रे?" मी विचारलं.

तो गोंधळला. "इथे असंच बोलवतात ना मॅडम? सविताताई असंच करतात."

त्याने आबांना कधी पाहिलेलं नाही. ट्रेनिंगची जाडजूड फाइल मी स्वतः लिहिली आहे. तिच्यातलं त्याला किती येतं, ते विचारायचं मी टाळलं.