देऊळ दिसलं तरच

१९४४ साली विट्याच्या पलीकडच्या माळावर लष्करानं विमानांसाठी धावपट्टी केली होती. मी तिथं बिनतारी यंत्रावर बसायचो आणि बिराप्पा ढग बघायचा. हसू नका, त्याला पगारच त्या कामाचा होता.

माळाला डोंगरांचा वेढा. उत्तरेच्या डोंगरावर बिरोबाचं देऊळ, पट्टीपासून सहाशे फूट उंच. ढगात शिरलेला वैमानिक यंत्रांच्या काट्यांच्या भरवशावर खाली उतरत येतो. पण सहाशे फुटांच्या खालीही ढगच असले, तर त्याला पट्टीऐवजी डोंगर भेटायचा. म्हणून साहेबांनी नियम घातला होता: देऊळ दिसलं तर उतरायचं, नाहीतर आल्या वाटेनं परत. वैमानिक मला विचारी आणि मी बिराप्पाला.

मी सांगलीचा, चार बुकं शिकलेला. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस हवामान सांगणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं होतं. आठ दिवसांत माझी जिरली. तो कपाळावर हात धरून सांगायचा, "कळस गेला, भिंती हायत." मग मी दुर्बीण लावायचो, आणि तसंच असायचं. 'वाटतंय' हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. एकदा विचारलं, तर म्हणाला, "मास्तर, मेंढरू दरीत गेल्याव 'वाटलं हुतं' म्हनून भागत न्हाई."

श्रावणात त्याची बायको हरणाबाई पट्टीलगतच्या झोपडीत विषमज्वरानं अंथरुणाला खिळली. तिचा एकच धोशा, "जोती आला का?" जोतीराम हा त्यांचा एकुलता एक, पुण्याला पलटणीत. माझ्या निरोपावर तिथला एक वैमानिक कबूल झाला. दुसऱ्या दिवशी विमान इकडं येणारच होतं, त्यात पोराला बसवून आणतो म्हणाला. वैद्यानं तर त्याच दिवसाच्या मावळतीपर्यंतची खात्री दिली होती.

सकाळी आठला ढगांच्या वर घरघर ऐकू आली. यंत्रावर प्रश्न आला: देऊळ दिसतं का?

बिराप्पा पट्टीच्या कडेच्या चुन्याच्या रेघेवर उभा होता. समोर डोंगर कमरेपासून वर नाहीसा झाला होता. तेवढ्यात पुजाऱ्यानं घंटा वाजवली, अगदी स्वच्छ. मी आनंदलोच. म्हटलं, "बिराप्पा, घंटा ऐकू येतीय! देऊळ जाईल कुठं? दिसतंय म्हणून सांगतो."

"इमानातल्या सायबाला घंटा ऐकाय येती व्हय?"

"अरे, तुझा पोरगा आहे वर. आणि ती घरात..."

"ठावं हाय." त्याचे डोळे डोंगरावरच होते. "मला झोपडीत हरणी दिसती, मास्तर. देऊळ न्हाई दिसत. तेवढंच सांगा."

मी तेवढंच सांगितलं. घरघर दोन घिरट्या घालून पुण्याकडं विरत गेली. मला त्या क्षणी बिराप्पाचा राग आला होता, खोटं कशाला बोलू?

तो झोपडीत गेला, मी दारात थांबलो. हरणाबाईनं विचारलं, "जोती आला का?"

"आल्ता. डोंगर झाकलाय, म्हनून माघारी लावला."

ती म्हणाली, "बरं केलंसा." संध्याकाळी ती गेली.

जोतीराम तिसऱ्या दिवशी अंधार पडता पडता पोचला, रेल्वेनं आणि मग चालत. आईची राख सावडून झाली होती. तो बापाला एवढंच म्हणाला, "घंटा मास्तरांनी ऐकली हुती म्हनं. तुमी व्हय म्हनायचं हुतं, आबा." त्या घरात कुणी जेवलं नाही.

सकाळी पुन्हा तेच ढग. दुसरंच एक विमान वर आलं होतं. बिराप्पा रेघेवर गेला, पण त्याची मान वर होईना. तीन दिवसांत माणूस निम्मा झाला होता. जोतीराम त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. वरून घंटा वाजली, स्वच्छ. पोरानं कपाळावर हात धरला आणि कितीतरी वेळ डोंगराकडं बघत राहिला.

मी नेहमीसारखं ओरडून विचारलं, "देऊळ?"

जोतीरामनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "न्हाई दिसत," तो म्हणाला.