नळावरचा शेंदूर

महाल भागातल्या त्या जुन्या गल्लीत कुठं खड्डा खणला की कुसुमताई तिथं हजर. पदर खोचून, वाकून बघायच्या आणि विचारायच्या, "हे काय टाकून राहिले रे भाऊ? पयलेचं काय झालं?" दहावीनंतर शाळा सुटली, पण प्रश्न काही सुटले नाहीत. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान चंद्रभान म्हणायचे, "हिले सीआयडीतच घ्यायले पायजे होतं."

अशा बाईला तिच्याच घरातला एक प्रश्न आयता मिळाला.

लेक गुंजन पुण्याला शाळेत विज्ञान शिकवते. तिला सहावा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरीच, असं ठरलं होतं. धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंकडे ती नाव घालूनही गेली होती. त्या बाईंनी घर किती जुनं ते विचारलं आणि म्हणाल्या, "जुन्या घरात कधी कधी पाण्याचा पाइप शिशाचा असतो. शिसं पाण्यात उतरलं तर बाळाच्या मेंदूला बरं नाही. एकदा बघून घ्या."

पुण्याला पोचल्यावर गुंजननं फोनवर सांगून टाकलं, "आई, पाइप कशाचा आहे ते पाह्य. शिशाचा निघाला तर मी इकडंच राहीन."

इकडं कुसुमताईंनी डिंक आणला होता, पाळण्याची दोरीसुद्धा आणून ठेवली होती.

बघायला गेल्या तर पाइप दिसतच नव्हता. त्याचं कारण सासूबाई. सासऱ्यांनी घरात नळ घेतला आणि पहिलं पाणी आलं, त्या दिवशी सासूबाईंनी पाइपाची पूजा केली. पुढं दर शनिवारी देवघरातल्या मारुतीला शेंदूर-तेल लावून झालं की बोटाला उरलेलं त्या मोरीतल्या पाइपाला पुसायच्या. देवाचं उरलेलं फडक्याला कशाला पुसायचं? सासूबाई गेल्या, बोट कुसुमताईंचं आलं. आता पाइप कमरेएवढ्या उंचीपर्यंत भगवा आणि फणसाच्या सालीसारखा खडबडीत झाला होता.

"चुंबक चिकटला तर लोखंड," गुंजननं शिकवलं. "नाही चिकटला तर किल्लीनं खरवड. नरम लागलं, चांदीसारखं चमकलं, तर शिसं समज."

चंद्रभाननी बंद पडलेल्या रेडिओतला चुंबक काढून दिला. कुसुमताईंनी तो पाइपाला लावला. तो घसरला आणि डुबकन बादलीत पडला.

"झालं," म्हणून त्या मोरीच्या कट्ट्यावर बसल्या.

"काहून घाबरून राहिली वं? मी जनमभर हेच पाणी प्यालो. मले काय झालं?"

"तेच तर! तुमच्या ध्यानात एक गोष्ट राहत नाही, ते काहून, हे आज समजलं."

चंद्रभान पेपर घेऊन बाहेर गेले. कुसुमताईंच्या मनातून मात्र चुंबक जाईना. स्वयंपाकघरात तवा दिसला, त्यावर कालची कडक झालेली भाकरी. त्यांनी तव्याला चुंबक लावला, पक्का चिकटला. मग मधे भाकरी धरली. चुंबक पडला. पुन्हा धरली, पुन्हा पडला.

"अहो! भाकरीआडून तव्याले चिकटत नाही, तर शेंदराआडून पाइपाले कसा चिकटीन?"

त्यांनी उलथनं उचललं तसे चंद्रभान पेपर टाकून आले. "मारुतीचा शेंदूर उलथन्यानं खरवडतं का कोणी?"

कुसुमताईंनाही ते टोचतच होतं. त्यांनी आधी हात जोडले. "मारुतीराया, तुझा अपमान नाही करून राहिली. लेकरासाठी खालचं तेवढं पाहू दे."

खपल्या निघाल्या. भगव्याखाली जुना हिरवा रंग, त्याखाली काळपट धातू. किल्ली ओढली, ओरखडा उठेना, चमक दिसेना. चुंबक जवळ नेला, तर हातातून ओढून घेतल्यासारखा टक्कन बसला.

लोखंड!

फोनवर गुंजन हसली, मग मास्तरीणबाईंसारखं विचारलंच, "पण पयले काहून नाही चिकटला वं?"

कुसुमताईंनी शेंदूर, भाकरी, सगळं सांगितलं.

"आई, शेंदूर कशाचा बनतो, माहीत आहे?"

"मले काय माहीत? पुडी आणते दुकानातून."

"अस्सल शेंदूर शिशाचा असतो. शिसं भाजून तो लाल रंग येतो."

कुसुमताईंनी आपले हात पाहिले. बोटं भगवी, नखांत भगवं. मोरीत खपल्या, बादलीतही पडलेल्या. स्वयंपाकघरातलं उलथनं भगवं. आणि दर शनिवारी बोट पाइपाला पुसलं की त्याच हातानं त्या कणीक मळायला बसत. देवाचं हाताला लागलेलं लगेच धुवायचं नसतं, असं सासूबाई सांगत.

"म्हणजे पाइपात नव्हतं. मीच बोटानं आणून ठेवत होती." त्या म्हणाल्या, "गुंजन, हे मले कोणी काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं होतं का?"

"रस्त्यातल्या खड्ड्याचं विचारलं," कुसुमताई म्हणाल्या. "देवाचं विचारायचं असते, हेच नव्हतं माहीत."

बादली ओतली, खपल्या ओल्या कपड्यानं टिपून कागदात बांधल्या, उलथनं बाद केलं. जमिनीखालचा पाइप काही दिसत नव्हता, म्हणून पाण्याची बाटली तपासायला दिली. पाण्यात काही निघालं नाही. पूजेच्या दुकानात जाऊन त्यांनी विचारलं, "हा शेंदूर कशाचा?" दुकानदाराला सांगता येईना, म्हणून घेतलाच नाही. त्या शनिवारी मारुतीला नुसतं तेल आणि रुईच्या पानांची माळ. नमस्कार करताना त्यांनी हळूच त्याच्या तोंडाकडं पाहिलं. रागावल्यासारखा वाटला नाही.

सातव्यात गुंजन आली. कुसुमताईंनी तिला दारातच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. गालावरून हात फिरवायला गेल्या, तर गुंजननं तो हात धरला आणि नखं उजेडाकडं वळवून नीट पाहिली.

"पाह्य, पाह्य," कुसुमताई म्हणाल्या, "साबणानं धुतले आहेत. आता घरात ये."